माइक चालू होता

४ मार्च

प्रिय ताई,

पोचले, रुळले आणि अजून तरी कोणी हाकललेलं नाही! पहिल्याच दिवशी सगळ्या स्पर्धकांचे फोन काढून घेतले. कोण राहिलं, कोण गेलं हे कार्यक्रम टीव्हीवर दिसायच्या आधी बाहेर फुटायला नको म्हणून. पत्रं मात्र चालतात. इथे एक दादा आहेत, सदानकदा छातीशी पॅड धरून पळत असतात, आम्ही त्यांना पॅडदादा म्हणतो. येणारी-जाणारी सगळी पत्रं आधी त्यांच्या हातात पडतात. तेव्हा पॅडदादा, वाचत असाल तर नमस्कार, आणि आमच्या खोलीतला गीझर बंद आहे.

खोलीत आम्ही चौघी. एक सकाळी उठल्यापासून तोंडावर टॉवेल घेऊन वाफ घेते, एक दिवसभर बोलतच नाही, आवाज जपते म्हणे. मी आपली बडबडते. तू टिटवी म्हणतेस ते इथेही कळलंय सगळ्यांना, कारण आईने डब्यावर तेच नाव लिहून दिलंय. आता परीक्षकसुद्धा टिटवी म्हणतात.

गाणं चांगलं झालं गं. खरंच चांगलं झालं. वरचा सूर लागला तेव्हा वाजवणाऱ्यांपैकी एकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पण सभागृहातल्या प्रेक्षकांची मतं काही पडत नाहीत. पॅडदादांनी बोलावून विचारलं, "तुझी गोष्ट काय?" मी म्हटलं, गोष्ट कसली, मी गाते. मग घरचं विचारलं. बाबा गेले म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, पण वडील नसलेल्या तिघीजणी आधीच आहेत म्हणे. आई शाळेची बस चालवते म्हटलं, तर गेल्या वर्षी एक ट्रकवाल्याची मुलगी होऊन गेली! मला हसायला आलं, त्यांना नाही आलं. जाताना म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या फेरीत अवघड आहे.

ताई, मला इतक्यात परत यायचं नाहीये. आईला सांग, मी जेवते वेळेवर.

तुझी,
टिटवी


१२ मार्च

टिटवे,

तुझं पत्र आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, कारण तिच्या चष्म्याची काडी मोडलीय. मुलगी चष्म्याच्या दुकानात आणि आईची काडी दोऱ्याने बांधलेली! आज आण, उद्या आण, करता करता राहून जातंय. मान वर करून बघणाऱ्या त्या वाजवणाऱ्याचं तिला भारी कौतुक वाटलं. बसमधल्या पोरांना तिने तुझं गाणं पाठ करायला लावलंय. सकाळी बस कोपऱ्यावर वळली की अख्खी गल्ली जागी होते.

आता पुढचं. पॅडदादा, हात जोडून विनंती, इथून पुढे वाचू नका. घरची गोष्ट आहे.

शनिवारी आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. सुट्टीच होती, बस शाळेच्या आवारात उभी. मी दार ढकलून आत गेले तर ही फरशीवर, आणि मला म्हणते, "ओरडू नकोस, शेजारी येतील." दवाखान्यात नेलं. रक्त फारच कमी झालंय. पोटात गाठ निघालीय, तिचा तुकडा तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणतात आत्ताच काही घाबरू नका. आता असं म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

आईने बजावलंय की तुला एक अक्षर कळवायचं नाही. पण उद्या काही कमीजास्त झालं आणि तू विचारलंस, मला का नाही सांगितलं, तर मी काय तोंड दाखवू? म्हणून सांगितलं. तू गा. रिपोर्ट आला की लगेच लिहिते.

ताई


२० मार्च

ताई,

तुझं पत्र मला सगळ्यात शेवटी मिळालं. आधी सगळ्यांनी वाचलं.

मला तालमीच्या खोलीत बोलावलं. आत दिवे लावलेले, कॅमेरा सुरू. पॅडदादांनी पाकीट हातात दिलं, वरून फोडलेलं, आणि म्हणाले, "घरून आलंय, वाच." मी हसत वाचायला लागले गं. बस वळली की गल्ली जागी होते, इथपर्यंत हसत होते. मग खाली बसले. किती वेळ बसले माहीत नाही.

नंतर कोणीतरी आलं आणि म्हणालं, आवाजच आला नाही, माइकची बॅटरी गेली होती, पुन्हा करावं लागेल. मी म्हटलं, काय पुन्हा? तर म्हणाले, वाचणं. मला वाटलं, जमणारच नाही. पण ताई, जमलं. दुसऱ्यांदा मी जास्त छान रडले. मला रडताना कळत होतं की छान चाललंय. कुठे थांबायचं, कुठे मान फिरवायची, सगळं आपोआप येत होतं. संपल्यावर दिवेवाल्याने टाळी वाजवली. तुला हे वाचून किळस येईल. मलाही येतेय.

मी म्हटलं, मला घरी जाऊ द्या. म्हणाले, जा ना, कोणी अडवलंय, पण मग जागा गेली. मी थांबले. ते रडणं सभागृहात पडद्यावर दाखवलं, आणि त्या आठवड्यात तिथल्या प्रेक्षकांची सगळ्यात जास्त मतं मला पडली. गाण्याबद्दल मात्र परीक्षक एक शब्द बोलले नाहीत.

रिपोर्ट आला का? लवकर लिही.

टिटवी


२९ मार्च

टिटवे,

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे! छोटंसं ऑपरेशन करून काढूनही टाकली. रक्ताच्या गोळ्या चालू आहेत, आणि बाई दवाखान्यातून घरी आल्या त्या थेट बसची चावी शोधायला लागल्या. डॉक्टरांनी दाखला दिलाय की पंधरवड्यानंतर गाडी चालवायला हरकत नाही. मी दुकानात जाऊन आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा घातला.

आणि मग रविवारी तुझा भाग लागला.

आम्ही सगळे बघत होतो, शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, सगळे. तू पत्र वाचलंस, रडलीस, मीही रडले. मग तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "आई बस चालवत होती, मागे मुलं बसली होती, आणि तिला स्टिअरिंगवरच चक्कर आली." टिटवे, हे कुठून आलं? माझ्या पत्रात हे होतं का? मी बाथरूम लिहिलं होतं, शनिवार लिहिलं होतं. आई उठून आत गेली आणि उगाच भांडी खळबळत बसली.

सोमवारी सकाळपासून शाळेत फोनवर फोन. आमच्या पोरांच्या जिवाशी खेळता का म्हणून पालक मोठ्या बाईंवर तुटून पडले. पंधरवड्यानंतरही आईला बस द्यायची नाही असं ठरवून तिला ऑफिसात बसवलंय, आल्यागेल्याला रजिस्टरमध्ये सही करायला सांगायची. बस दुसराच कोणी चालवतो. परवा तो वळणावर चाक नालीत घालून बसला, आणि आई खिडकीतून बघत होती.

तू एवढंच कर. पुढच्या भागात एक वाक्य बोल. आई बरी आहे आणि तिला गाडी चालवताना कधीच चक्कर आली नाही. बाकी काही नको.

ताई


६ एप्रिल

ताई,

हे पत्र मेकअपवाल्या मावशी बाहेर नेऊन टाकणार आहेत. यापुढे तूही त्यांच्याच पत्त्यावर लिही, पाकिटाच्या मागे दिलाय. पॅडदादांच्या हातून काही पाठवू नकोस.

आई बरी आहे! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसले. बाहेर हसता येत नाही ना.

तुझं पत्र पॅडदादांनी मला वाचायला दिलं आणि परत घेतलं. म्हणाले, "हे आपल्याला आलंच नाही असं समजू." मी म्हटलं, मला एक वाक्य बोलायचंय. तर म्हणाले, बोल की, पण लोकांनी ज्या आईसाठी मतं दिली ती ठणठणीत आहे म्हटल्यावर लोक चिडतील, तुझ्यावरच चिडतील. आणि चित्रीकरण त्यांच्या हातात आहे, मी बोलले तरी ते कापणार. ते बसचं वाक्यही त्यांनीच कसंतरी जोडलं असणार, इथे काय वाटेल ते जोडतात. तू प्लीज आई बरी आहे हे सध्या कुठे बोलू नकोस.

माझं ऐक ना. मी शेवटच्या चौघांत आहे. एका मालिकेच्या दिग्दर्शकबाईंनी तो भाग बघितला, त्यांना मुलीच्या भूमिकेसाठी मीच हवीय. मालिकेत गाणंही असेल म्हणाल्या. आणि अंतिम सोहळा थेट दाखवतात, तिथे कोणालाच काही कापता येत नाही. तिथे बोलेन मी. शप्पथ बोलेन. सगळ्या जगासमोर सांगेन की माझी आई बस चालवते आणि उत्तम चालवते.

फक्त एक आहे. त्यांना सोहळ्याला आई हवीय. चाकाच्या खुर्चीत बसून यायचं, बास. आईला तू सांग, मला धीर होत नाही.

टिटवी


१५ एप्रिल

टिटवे,

सांगितलं. माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगितलं. मला वाटलं, आई घर डोक्यावर घेईल. तर म्हणाली, "पोरीचं गाणं आहे. जाऊ." मग म्हणाली, खुर्चीत मी आयुष्यात बसणार नाही, इतकी वर्षं मी दुसऱ्यांना बसवून नेलं, मला कोणी ढकलायचं नाही. शेवटी माझा हात धरून हळू चालायचं ठरलं.

आता रोज संध्याकाळी घरात तालीम चालते. आई दारापासून पलंगापर्यंत चालते आणि मला विचारते, "पुरेशी आजारी दिसते का गं?" काल मध्येच तिला जोराचं हसू आलं, मलाही आलं, आणि मग ती पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाईंनी सांगितलंय की सुट्टीनंतर शाळा सुरू होईल तेव्हा बसचं बघू. म्हणजे अजून दार बंद झालेलं नाही. तू सोहळ्यात बोललीस की आई दाखला घेऊन जाईल. सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर आहे, हे लक्षात ठेव.

आणि मला खरं सांग. ते स्टिअरिंगचं कोण बोललं? जोडलेलं वाटत नव्हतं. तुझे ओठ हलत होते.

ताई


३ मे

टिटवे,

तुला फोन मिळाला असेल आता. मला करू नकोस. मला बोलायचं नाहीये, एकदाच लिहायचंय.

सोहळ्याआधी आम्हाला एका खोलीत बसवलं. एका मुलीने आईच्या चेहऱ्याला काहीतरी फासून तिला आणखी फिकट केलं. आई तिला म्हणाली, "जरा बेताने, मेलेली दिसेन." मग आम्ही दोघीच उरलो तेव्हा मला म्हणाली, "ती बोलली तर बोलली. नाही बोलली तर मी तिला सगळ्यांदेखत खोटी पाडणार नाही." मी म्हटलं, बोलेल गं, शप्पथ घेतलीय तिने.

मग तो मंच. निवेदकाने आईला विचारलं, "त्या दिवशी बस चालवताना चक्कर आली, मागे लहान लहान मुलं. काय आलं मनात?" आईने आधी तुझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारीच होते, तिचा हात माझ्या हातात होता. तुझ्या हातात माइक होता आणि तो चालू होता, कारण तुझा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू येत होता. आई बघत राहिली. निवेदकाने पुन्हा विचारलं. तू खाली बघितलंस.

आणि आई म्हणाली, "मुलांना काही होऊ नये, एवढंच आलं."

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. तू येऊन आईच्या गळ्यात पडून रडलीस. मग गायलीस, आणि इतकं सुंदर गायलीस की मला तुला तिथेच एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दुसरा नंबर आला, मालिका मिळाली, अभिनंदन.

काल मोठ्या बाईंनी आईला बोलावलं. आईने दाखला पुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "दाखला खरा असेल हो, पण तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत ना. मी पालकांना काय सांगू?" ऑफिसातलं कामही गेलं. आईने बसची जास्तीची चावी परत केली आणि चालत घरी आली.

आता तू बोललीस तरी काही उपयोग नाही. आईनेच हो म्हटलंय.

ताई


२० जून

आई,

ताई फोन उचलत नाही. तू उचलतेस आणि "जेवलीस का" विचारून ठेवून देतेस. म्हणून लिहितेय.

ते वाक्य माझं होतं. कोणी जोडलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पत्र वाचून झाल्यावर कॅमेऱ्यामागून कोणीतरी विचारलं, "कुठे चक्कर आली आईला?" मी बाथरूममध्ये म्हणणार होते. पण तोंडावर आलं बस. बाथरूम कसंतरीच वाटलं असतं, आणि मला कळलं होतं की बस म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा येईल. एवढा विचार मी तेवढ्यात केला, आणि तुझा केला नाही.

सोहळ्यात मी बोलणार होते. वाक्य पाठ होतं. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा घसा उघडला होता. पण समोर पहिल्या रांगेत दिग्दर्शकबाई बसल्या होत्या, आणि मला वाटलं, आधी गाणं होऊ दे, मग बोलू. नंतर तू बोललीस.

गेल्या आठवड्यात मी आपल्या गावात आले होते. घरी आले नाही, तोंड नव्हतं. थेट शाळेत गेले. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, खोटं मी बोलले, आईला गाडीवर कधी काही झालं नाही, तिला बस परत द्या. सांगताना रडू फुटलं. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "आईसाठी किती करतेस गं! अगदी मालिकेतल्यासारखीच आहेस." मग बाकीच्या बाईंना बोलावलं, सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. मी हसून फोटो दिले. काय करणार होते?

मुलाखतीत सांगते म्हटलं तर वाहिनीचे लोक म्हणतात, करारात बसत नाही. मालिकेत मला गाणं नाही. गाणं दुसरीच कोणी गाते, मी नुसते ओठ हलवते. माझं काम रडायचं. बाकीच्यांच्या डोळ्यात औषध घालावं लागतं, माझ्या नाही, म्हणून सेटवर माझं फार कौतुक आहे. आई, मी गायला आले होते गं.

तू मला रागाव. मार. पण "जेवलीस का" विचारून फोन ठेवू नकोस.

तुझी,
टिटवी


३० जून

टिटवे,

मला पत्र लिहायची सवय नाही. ताईला सांगून लिहून घेतलं असतं, पण ती मध्येमध्ये स्वतःचं घालेल.

ताई सगळ्यांना सांगते की आईने तुझ्यासाठी त्याग केला. तसलं काही नाही. मी तुझ्याकडे बघत होते तेव्हा मला खात्री होती की तू बोलशील. शेवटपर्यंत होती. तू खाली बघितलंस, आणि तो माणूस पुन्हा विचारायला लागला, सगळं सभागृह थांबलेलं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. आणि मुलांचा विचार तर मला रोजच यायचा, अगदी स्टिअरिंगवर हात ठेवल्यापासून. तेवढं खोटं नव्हतं.

मला राग आहे. आई आहे म्हणून राग येत नाही असं समजू नकोस. बाबा गेल्यावर मी ती गाडी चालवायला शिकले तेव्हा बायामाणसं हसायची. मग त्याच बायका आपली पोरं माझ्या हवाली करायला लागल्या. ते मिळवायला फार वर्षं लागली होती, आणि ते तू एका वाक्यात घालवलंस. आता मी बाजाराजवळ गाड्या उभ्या करायच्या जागेवर पावत्या फाडते. दिवसभर लोकांना घ्या मागे, घ्या पुढे करते. वाईट काम नाही. लोक ओळखतात, तब्येत विचारतात, उन्हात उभ्या राहू नका म्हणतात. मी बरी आहे म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

तू शाळेत गेलीस ते मला मोठ्या बाईंच्या शिपायाने सांगितलं होतं. शाळेपर्यंत येऊन तू घरी आली नाहीस, याचं मला त्या बसपेक्षा जास्त लागलं.

तुझी मालिका मी रोज बघते. ताई उठून जाते, मी बघते. तू रडायला लागलीस की शेजारच्या काकू पदर डोळ्याला लावतात. मी नुसती बघत बसते. लहानपणी तू रडलीस की मला दुसऱ्या खोलीतून कळायचं, भूक लागलीय, पडलीय की नुसता हट्ट आहे. आता समोर बघून कळत नाही. सोहळ्यात तू माझ्या गळ्यात पडलीस तेव्हाही कळलं नाही. फोनवर तुझा आवाज भरून आला की मला भीती वाटते, म्हणून मी जेवणाचं विचारते आणि ठेवते.

घरी ये. सुट्टी मिळेल तेव्हा ये, ताईचं मी बघते. बोल, भांड, हवं ते कर. फक्त आल्यावर रडू नकोस, मला कळायचं नाही.

आई